बोथट तोंडाची रायफल

कुर्ल्यात वाढलेल्या आमच्या पिढीच्या पोरांना रायफल दिसायची ती पोलिसाच्या खांद्यावर. स्टेशनच्या पुलाखाली, निवडणुकीच्या दिवशी म्युनिसिपल शाळेच्या दारात, विसर्जनाच्या रात्री शीतल तलावाच्या बंदोबस्तात. कोणाला काडेपेट्यांची चित्रं जमवायचा नाद होता, कोणाला पोस्टाच्या तिकिटांचा. मला थ्री नॉट थ्रीचा, म्हणजे त्याच पोलिसी रायफलीचा. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते. लष्करानं टाकली, पोलिसांनी टाकली, तरी १९५९ चा शस्त्र कायदा तिला साध्या माणसाच्या घरात येऊ देत नाही. आपल्याच ईशापूरच्या रायफल कारखान्यातल्या जुन्या रायफली शिलकी माल म्हणून अमेरिकेतल्या दुकानांत गेल्या, तिथल्या हौशी लोकांनी त्या रीतसर घरी नेल्या. कुर्ल्यातल्या पोरानं त्या वहीत जमवायच्या.

वहीतलं जे आता रस्त्यावर दिसत नाही, ते इथं उतरवून ठेवतो.

तोंड. लाकूड थेट टोकापर्यंत गेलेलं, नळी जेमतेम बोटभर बाहेर. पुढच्या माशीच्या दोन्ही बाजूंना दोन कान. समोरच्या फलाटावरूनही ओळखू यायची. पुढे एसएलआर ही नवी रायफल आली, तिची नळी उघडी आणि लांब. गर्दीत दोन्ही एकत्र दिसल्या की नजर आधी बोथट तोंडाकडे जायची.

साल. हे सगळ्यात मोलाचं, आणि त्यासाठी जवळ जावं लागे. “मामा, साल बघू द्या ना.” मामा आधी दटावायचे, मग खांदा थोडा वळवायचे. “लांबूनच बघ. हात नाही लावायचा.” बोल्टच्या मुठीखाली, जिथं लाकडी दस्ता पोलादाला मिळतो तिथं उजव्या अंगाला एक मुकुट कोरलेला असे. त्याखाली जी.आर.आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. मग ईशापूर, मग साल. तेल आणि घामानं अक्षरांच्या खाचा काळ्या झालेल्या, कडा हाताळून गुळगुळीत. १९४४ असं एका रायफलीवर वाचलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं इटलीत लढत होती ते हे वर्ष, आणि ती रायफल आमच्या कुर्ल्यात पाकीटमारांवर नजर ठेवत उभी होती. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवरून मुकुट गेला, आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरं आली. राज्य बदलल्याचा पुरावा मी इतिहासाच्या पुस्तकाआधी तिथं पाहिला.

आरपार स्क्रू. मॅगझिनच्या पुढे लाकडातून या कुशीतून त्या कुशीत गेलेला. लाकूड तडकू नये म्हणून ईशापुरात ही मजबुती करत. परदेशातले संग्राहक आजही या स्क्रूवरून रायफल हिंदुस्थानात राहून गेल्याचं ओळखतात.

मस्कट. लांबून हुबेहूब थ्री नॉट थ्री, पण आतून निराळी. पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी मूळ रायफलीची नळी मोठी करून पॉइंट चारशे दहाची केलेली. पुष्कळ मस्कटांच्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेला असे, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. दहा गोळ्यांचं हत्यार शिपायाला एका गोळीचं करून द्यायचं, यात इंग्रज सरकारचा आपल्या माणसांवरचा अविश्वास उघड दिसतो. मला त्याचा अजूनही राग येतो.

साखळी. ट्रिगरच्या कडीतून निघून शिपायाच्या कमरपट्ट्याला अडकवलेली. रायफल हिसकावून नेऊ नये म्हणून. रात्रीच्या गाडीत शिपाई बाकावर बसला की साखळीचा आवाज व्हायचा.

पितळी झाकण. दस्त्याच्या बुडाशी पितळी पत्रा, त्यात नखानं उघडायचं छोटं झाकण. आत तेलाची कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. दोरीच्या फासात चिंधी घालायची, वजन नळीत सोडायचं, दुसऱ्या तोंडातून ओढायचं. हे मी एनसीसीत शिकलो. चिंधीचं मापही ठरलेलं: चार इंच बाय दोन. तेलाची चिंधी त्याहून अरुंद.

डीपी. एनसीसीच्या कवायतीची रायफल. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. चेंबरला भोक पाडलेलं, लाकडावर पांढरा पट्टा, गोळी झाडायच्या कामाची नाही. वजन मात्र पुरतं, चार किलोच्या आसपास. खांद्यावर घेतली की खांदा सांगायचा. मला ती रायफल कधीच मेलेली वाटली नाही. तिचा बोल्ट मागे घेतला की तोच खणखणीत दुहेरी आवाज यायचा, आणि पुढे ढकलताना शेवटच्या इंचाला किंचित जोर लागायचा.

पुंगळी. खडकीची. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या काडतुसाच्या बुडावर के.एफ. ही अक्षरं आणि साल. एनसीसीच्या फायरिंगनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा होत, एक कमी पडली तर सगळ्यांना गवतात बसवून शोधायला लावत. त्यामुळे माझ्याकडे पुंगळी नाही, बुडाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र आहे.

आता नकोसं, पण लिहायलाच हवं असं. १९६२ ला चीनपुढे आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, कुर्ल्याहून लोकलनं अर्ध्या तासावर, सीएसटीच्या फलाटांवर पोलिसांच्या हातात हीच होती, समोर एके-४७ घेतलेले दहशतवादी. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे, बोल्ट पुढे. माझ्या वहीतल्या मुकुटांचं आणि सालांचं कौतुक त्या रात्रीनंतर पूर्वीसारखं राहिलं नाही. ज्या वस्तूवर आपण प्रेम केलं ती त्या शिपायांच्या हातात द्यायला नको होती. ती त्याआधी कितीतरी वर्षं निवृत्त व्हायला हवी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभानं निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला.

कंडम ठरलेल्या रायफली तोडून वितळवतात, ते बरोबरच आहे. पण वितळवण्याआधी प्रत्येकीचं साल, नंबर आणि ती कुठल्या ठाण्यात होती एवढं एका रजिस्टरात उतरवून ते रजिस्टर लोकांना बघायला ठेवावं. रायफल नको. नोंद हवी.

एक धाकटी बहीण अजून कुठे कुठे पहाऱ्याला दिसते, तिची ओळख सांगून ठेवतो. बँकेच्या दारातली दुनळी ती नव्हे. बोथट तोंड तेच, पण मॅगझिन चौकोनी, कोपरे काटकोनात. १९६२ च्या युद्धानंतर ईशापुरात बनलेली, ७.६२ ची. सुरुवातीच्या नमुन्याच्या, म्हणजे टू-एच्या, मागच्या साइटवर २००० मीटरपर्यंतचे आकडे, नंतरच्या टू-ए-वनवर ८०० पर्यंतच. दिसली, तर पहारेकऱ्याला आधी विचारा, हात लावू नका, आणि बोल्टखालचं साल तेवढं लिहून घ्या.