चालते दुकान

मिरगाच्या आदल्या रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या ओट्यावर उभे होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गृहस्थ पत्नीसह आमच्याकडे आला. बारा वर्षे आखाती देशांत राबून त्याने चार पैसे गाठीला बांधले होते, आणि मुलांना बापाचा सहवास लाभावा म्हणून आता कायमचे गावी राहण्याचा त्याचा निश्चय झाला होता. खानापूर तालुक्यातील एका लहानशा बाजारगावी तीस वर्षे चाललेले किराणा दुकान विकावयाचे होते. मालक थकले होते, मुलगे पुण्यास नोकरीला होते. ‘फादर, दुकान चालते आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे. आपण फक्त गल्ल्यावर बसायचे,’ तो म्हणाला. इसार देण्यापूर्वी त्याला आमचा आशीर्वाद हवा होता.

तो आम्ही लगेच दिला नाही. कारण हेच वाक्य पूर्वी एकदा आमच्या कानांवर पडले होते, आणि तेही आमच्या स्वतःच्या घरात.

१९९१ साली आमच्या वडिलांनी भातशेतीचा एक तुकडा विकून शेजारच्या गावचे असेच एक चालते दुकान घेतले. बाजारच्या दिवशी ते पाहावयास गेले, गिऱ्हाइकांची रीघ पाहिली, भरलेली फडताळे पाहिली, आणि संध्याकाळी इसार देऊन घरी आले. मालाची मोजदाद केली नाही. पुढे पोती हलविली तेव्हा तळच्या डाळीत भुंगा निघाला व मिठाचा दगड झालेला आढळला. उधारीची वही त्यांनी पुऱ्या किमतीला विकत घेतली. ‘आता आम्ही विश्रांती घेणार,’ असे मूळ मालकाने सांगितले होते, परंतु ते तोंडी. वर्ष भरण्यापूर्वी त्याच पेठेत, चार दारे सोडून, त्याने भावाच्या नावाने नवे दुकान मांडले, आणि आमची बांधलेली गिऱ्हाइके तिकडे चालती झाली.

गल्ला आटला, तेव्हा वडिलांना उधारीची वही आठवली. आमचे वय त्या वेळी दहा वर्षांचे. अक्षर बरे, वाचन खणखणीत, म्हणून ती वही काखेत देऊन वडिलांनी आम्हांस एका वाडीवर वसुलीस धाडले. तेथील एका वृद्ध विधवेच्या नावे बेचाळीस रुपये होते. ‘बाळा, मी मागल्या सुगीला भात घालून ते फेडलेत रे,’ असे ती सांगत राहिली. आम्ही मात्र शाळेत धडा वाचावा तसा तो आकडा चार शेजाऱ्यांसमोर दोनदा वाचून दाखविला. बाई गप्प झाली. शेजारणीला कोंबड्या विकून तिने पैसे आमच्या हातावर ठेवले, आणि आम्ही मोठ्या ऐटीत घरी परतलो.

महिन्याभराने त्याच वहीच्या पुठ्ठ्यात खोचलेली एक चिठ्ठी सापडली. भात पोचल्याची, बेचाळीस रुपये फिटल्याची. जुन्या मालकाने ती वहीत चढवलीच नव्हती. वडील त्याच संध्याकाळी भर पावसात वाडीवर चालत गेले आणि पैसे परत देऊन, हात जोडून आले. बाईने पैसे घेतले, चहाही पाजला. परंतु ती पुन्हा कधी आमच्या दुकानाची पायरी चढली नाही, आणि तिच्यामागून ती सारी वाडीही आली नाही. चार वर्षांत दुकानाला कुलूप लागले. वडिलांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. तथापि त्या वृद्धेचे नाव आम्ही आजही मिस्सेत घेतो.

हे सर्व त्या तरुणास सांगून आम्ही म्हटले, ‘बाबा रे, तू तीन वस्तू विकत घेत आहेस: माल, जागा आणि नाव. माल स्वतः मोज. पाकिटांवरील मुदतीच्या तारखा पाहा आणि पोती तळापर्यंत उपसून पाहा. विक्रीचा आकडा तोंडाने फुगवता येतो, पण घाऊक व्यापाऱ्यांच्या वर्षभराच्या पावत्या सहसा खोटे सांगत नाहीत. जीएसटीची विवरणपत्रे असतील तर तीही माग. जागा भाड्याची असेल तर घरमालकाची संमती लेखी घे. खाद्यपदार्थ विकण्याची नोंदणी तुझ्या स्वतःच्या नावे करून घे, आणि तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का आहे की नाही तेही पाहून घे.

‘नावाचे काम सर्वांत नाजूक. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमान्वये धंद्याचा नावलौकिक विकणारा माणूस अमुक हद्दीत तसाच धंदा करणार नाही असे कबूल करू शकतो, मात्र ती हद्द वाजवी हवी. तेव्हा ते कागदावर घे. आणि उधारीची वही डोळे मिटून घेऊ नकोस. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा उधारीवर सामान्यतः तीन वर्षांच्या आतच दावा लावता येतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर ती नव्याने मोजली जाते. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट ही की त्या वहीतील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आहे.’

त्या तरुणाने घाई केली नाही. पावसाळ्यातले चाळीस दिवस तो त्या दुकानात म्हाताऱ्या मालकांशेजारी बसला. बाजारच्या दिवशीची गर्दी कोणीही पाहतो. पावसाने रस्ता ओस पडल्यावर किती खपते, ते त्याने पाहिले. मग दोघे मिळून वही घेऊन घरोघर गेले. नावे त्रेसष्ट होती. अकरा जणांनी ‘आम्ही फेडले आहे’ असे सांगितले. मालक प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांपैकी नऊ जणांचे त्यांना आठवले, आणि उरलेल्या दोघांची पानेही त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. ज्यांनी आपली बाकी मान्य करून सही वा अंगठा दिला, तेवढीच उधारी त्याने घेतली. त्यामुळे किंमत उतरली, आणि मालकांनी कुरकुर केली नाही. त्या गावात स्वतः किंवा घरच्यांच्या नावे पाच वर्षे दुकान काढणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. वर नाताळपर्यंत रोज सकाळी गल्ल्याशेजारी बसून, आलेल्या प्रत्येकाला ‘हा आता आपला माणूस’ असे सांगत राहिले.

दसऱ्याच्या सुमारास दुकान त्याच्या नावे झाले, तेव्हा आम्ही जाऊन आशीर्वाद दिला. त्याची पत्नी नव्या वहीवर नाव घालीत होती. आम्ही तिला एवढेच सांगितले की, पैसे घेतले की आधी वहीत मांडावेत, मग गल्ल्यात टाकावेत.

आमच्या धर्मबंधूंपैकी ज्यांनी परमुलखात घाम गाळून पैसा आणला आहे व जे असे एखादे चालते दुकान घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले. दुकान विकणारा माल विकू शकतो, जागा देऊ शकतो, आपले नावही लिहून देऊ शकतो. लोकांचा विश्वास मात्र त्याच्या मालकीचा नसतो. तो ज्याचा त्याने, एकेका दारी जाऊन, पुन्हा मिळवावा लागतो.