काय बे, अजून कार्टून?

‘काय बे, अजून कार्टून बघतोस?’ हुतात्मा एक्स्प्रेसमधून सोलापूरला उतरलो की हा प्रश्न ठरलेला! पुण्यात आयटीची नोकरी, ईएमआय चालू, कानाशेजारचे केस पांढरे व्हायला लागलेत... आणि मोबाइलवर काय, तर मोठ्या डोळ्यांची जपानी चित्रं. तुमच्यापैकीही अनेकांनी हा टोमणा खाल्ला असेल. ऑफिसात आपण एकमेकांना बरोबर ओळखतो. कुणाच्या की-चेनला पिकाचू लटकत असतो, कुणाची रिंगटोन चुगली करते.

आपल्याला हे वेड लावलं दूरदर्शननं, तेही न सांगता. रविवारचं ‘जंगल बुक’ आठवतंय? शीर्षकगीत गुलजारांचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आमचे आजोबा खास नानासाठी टीव्हीसमोर बसायचे. ही मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये बनवलेली, हे मला कळलं थेट कॉलेजात! आजोबांना सांगितलं, तर ते गप्पच झाले.

त्याला कारण होतं. आजोबा मिलमध्ये कामाला होते आणि त्यांचा हिरो एकच, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरच्या शाळेत शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. जन्म १९१० चा, इथलाच. जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात हे एक. बाकीचे परतले. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. आजोबांनी तो पाहिला होता. त्यांच्या हिशेबात जपान म्हणजे समोरची पार्टी. विषय संपला.

आणि त्याच घरात मी जपानी सिनेमांच्या सीडी जमवत होतो! २००४ मध्ये ॲनिमॅक्स चॅनल आलं, तेव्हा केबलवाल्याला मस्का मारून झाला. शाळेपासूनचा एक मित्र होताच बरोबर. त्याचं चादरींचं दुकान. शटर खाली ओढलं की आतल्या कॉम्प्युटरवर सिनेमा आणि मग तासभर चर्चा. बॅकग्राऊंड कसं रंगवलंय, शेवट फसला का... पेपरातल्या समीक्षकांनी लाजावं एवढा आमचा आव!

अशीच एक सीडी मी घरी लावली होती. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, काजव्यांची कबर. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा सिनेमा. दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे महिने, कोबे शहरावर अमेरिकन विमानं आगीचा पाऊस पाडतायत. आई जाते. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको, दोघंच उरतात. जवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. म्हणूनच असेल, त्यांनी रडवायला म्हणून काही घातलेलं नाही. ती मुलगी नुसती हळूहळू वाळत जाते.

आजोबा दारात उभं राहून बघत होते. कधी खुर्चीवर टेकले, मला कळलंच नाही. मी सबटायटल्स मराठीत सांगत होतो. मध्येच त्यांनी विचारलं, ‘हिचा बाप कुठंय?’

म्हटलं, ‘नौदलात. युद्धावर.’

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे ह्याच्या माणसांनी केलेल्या जखमा शिवायला आपला डॉक्टर गेला.’ आणि थोड्या वेळानं, ‘पण पोरीला काय ठाऊक त्यातलं.’

सिनेमा संपला. आजोबांनी चष्मा पुसला आणि न जेवता झोपले.

पुढे २०१३ मध्ये मियाझाकींचा ‘द विंड रायझेस’ आला आणि माझं न् मित्राचं वाजलं. हा सिनेमा जिरो होरिकोशीवर, म्हणजे ज्याच्या डिझाइनवरून ‘झीरो’ हे लढाऊ विमान बनलं, त्या इंजिनीअरवर. सिनेमा दिसायला इतका देखणा की बोलायची सोय नाही. मित्र फिदा! मी म्हटलं, हे विमान पहिल्यांदा लढलं १९४० मध्ये चीनमधल्या चुंगकिंगवर, आणि सिनेमात त्या चीनचा माणूस दिसतो का कुठे? तो भडकला. ‘तुला प्रत्येक पिक्चरमध्ये कोटणीस दिसतात बे!’ मी म्हटलं, ‘दिसणारच.’ चार महिने आम्ही बोललो नाही. कार्टूनवरून! बायको अजून हसते.

त्या चार महिन्यांत मी तो सिनेमा आणखी दोनदा पाहिला. मियाझाकींच्या वडिलांच्या कारखान्यात याच झीरोचे सुटे भाग बनायचे. म्हणजे माणूस स्वतःच्या घराबद्दलच बोलत होता. याच मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ते घ्यायला गेले नव्हते. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जायचं नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. सिनेमाच्या शेवटी मोडक्या विमानांचा ढीग आहे, आणि गेलेलं एकही विमान परत आलं नाही, असं जिरोच म्हणतो. हे सगळं मान्य. तरी माझं मत आहे की त्यांनी जिरोला स्वस्तात सोडलं. ताकाहातांनी सेइताला सोडलं नव्हतं. त्याचा हट्ट, त्याची चूक, सगळं दाखवलं, आणि म्हणून तो जास्त आपला वाटतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी गेलो, तर स्टेशनवर मित्र गाडी घेऊन हजर. काही न बोलता त्यानं गाडी भैय्या चौकात कोटणीसांच्या स्मारकाजवळ थांबवली. म्हणाला, ‘चीन दाखवायला पाहिजे होता बे त्यानं. पण पिक्चर भारीच आहे.’ मी म्हटलं, ‘भारीच आहे.’ मिटलं! मग शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि पुढच्या सिनेमावर भांडण.

आता २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’चा सिनेमा भारतात हिंदीतूनही लागला. ॲनिमेच्या चाहत्यांना चोरून बघायची गरज उरलेली नाही, हे छानच. पण माझी एक विनंती. या वीकेंडला ‘काजवे’ लावाल, तर हेडफोन घालून एकट्यानं बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि सबटायटल्स तुम्ही वाचून दाखवा.

मध्येच ते काहीतरी विचारतील. तेव्हा पॉज करा.