एक्सेलमधला शेवटचा रकाना

गेले तीन महिने माझ्या शनिवार-रविवारी दुसरं काही चाललेलंच नाहीये. एकच काम, गाडी शोधणं. साधी गाडी नव्हे, फोर बाय फोर. दिघीहून निघायचं, मनालीमार्गे लेह गाठायचं, येताना स्पिती करायचं आणि २५ दिवसांनी परत दिघी. कॉलेजपासूनचं खूळ आहे हे. यंदा सुट्ट्या साठवल्या, मॅनेजरला सहा महिने आधी सांगून ठेवलं, बायकोने रजा टाकली. राहता राहिली गाडी.

खरं तर आमच्यासारख्यांना हे सोपं जायला हवं. भोसरी ओलांडून पिंपरीत गेलं की टाटा, पुढे आकुर्डीला फोर्स मोटर्स (जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'टेम्पो कंपनी'), वर चाकणला महिंद्रा. मॅगझिन चौकात उभं राहिलं की लष्कराचे ट्रक दिसतात. आणि नाल्यावर ट्रकमधून पूल टाकणारी 'सर्वत्र' नावाची जी यंत्रणा आहे, ती आमच्या दिघीतल्याच डीआरडीओच्या संस्थेने विकसित केलेली. म्हणजे काखेत कळसा. तरी गावाला वळसा पडलाच.

सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे पहिलं काम काय, तर एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यांत ग्राउंड क्लिअरन्स, लो रेंज, डिफ लॉक, टाकी, सुटे भाग, किंमत. प्रत्येकाला वजन दिलं, बेरजा लावल्या, रंग भरले. बायको म्हणाली, "एवढं लक्ष लग्नाच्या वेळी दिलं असतंस तर..." असो.

पहिल्या फेरीत फोर्सची गुरखा निवडून आली. कारण सोपं आहे. एक चाक खड्ड्यात लोंबकळत असलं की साध्या डिफरन्शियलमध्ये तेच फिरत बसतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. डिफ लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. गुरखाला तो पुढे आणि मागे दोन्हीकडे मिळतो. २०२१ मध्ये ती आली तेव्हा शोरूम किंमत १३ लाख ५९ हजार होती.

दुसरी थार. ऑक्टोबर २०२० मधली नवी. २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ५७ लिटरची टाकी, डिझेल टर्बो. तिसरी जिम्नी, जून २०२३ ची. १२०० किलोच्या आसपास वजन, त्यामुळे चिखलात रुतण्याआधीच निघून जाते म्हणतात. पण टाकी ४० लिटरची. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपाजवळची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी प्रसिद्ध आहे. घाटात लिटरला १० किलोमीटर धरले तर साडेछत्तीस लिटर लागतात. उरतात साडेतीन. रस्ता बंद झाला आणि इंजिन चालू ठेवून हीटर लावायची वेळ आली तर? म्हणजे कॅन आला, आणि मागची सीट उभी असताना डिकी जेमतेम २०८ लिटरची.

आणखी एक गोष्ट आकडेमोड करताना कळली. टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही थोडी कमी दाट. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. जिम्नीच्या १०५ अश्वशक्तीतली साठच्या आसपास उरते. टर्बोवाल्या गाडीला हा फटका बराच कमी बसतो, कारण तो विरळ हवा दाबून इंजिनात कोंबतो. लो रेंजमध्ये जिम्नी चढेलच, प्रश्नच नाही. पण भरलेल्या गाडीला दम लागणार.

मग बायकोने एक्सेलमध्ये बोट ठेवून विचारलं, "बजेटचा रकाना कुठाय?" बजेट होतं टायर, विमा, दुरुस्तीसकट नऊ लाख. मुलीची फी आणि घराचा हप्ता गेल्यावर एवढंच. तिन्ही नव्या गाड्या एका झटक्यात गळाल्या. तीन आठवड्यांची मेहनत! :)

आता जुन्या गाड्या. जिप्सी म्हटलं की माझ्या पिढीला काहीतरी होतंच. १९८५ साली आली, लष्कराने उचलून धरली, आणि २०१९ च्या सुमारास बंद झाली. सोसायटीत खाली एक निवृत्त सुभेदार राहतात, साताऱ्याकडचे. दिघीत असे बरेच आहेत. त्यांनी लडाखमध्ये जिप्सी चालवलीय. त्यांना एक्सेल दाखवलं तर चष्मा वर करून म्हणाले, "आरं, गाडी कुठवर जाती ते बघू नगंस. बंद पडल्यावर हितनं तिथवर कोन दुरुस्त करनार, ते बघ." आणि जिप्सीबद्दल? "लई भारी गाडी. पर पाठ आसंल तोवर." पाट्यांचे स्प्रिंग, एसी नाही. पुण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटर आहे, लडाख त्याच्या पुढे. जिप्सीवर काट.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. एका रविवारी बाबा चहा घेता घेता म्हणाले, "मला नेशील का?"

बाबांनी ३१ वर्षं कारखान्यात अ‍ॅक्सल जोडले. वय ७०, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणालो आणि रात्री एक्सेलमध्ये शेवटी एक रकाना वाढवला, 'बाबा'.

त्या एका रकान्याने सगळी क्रमवारी उलटी केली. जुनी थार बघायला त्यांना घेऊन गेलो. पुढची सीट वाकवून मागे शिरायचं, तर त्यांचा एक पाय आत आणि एक बाहेर, तसेच अडकले. हसले, पण उतरताना माझा खांदा धरून उतरले. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, रक्तदाबाची गोळी बदलली आणि बजावलं: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. श्वास लागला तर खाली उतरायचं, हट्ट नाही. नकाशा पुढ्यात घेतला तर मनाली सुमारे २,०५० मीटरवर, आणि लेहच्या वाटेवर एका दिवसात बारालाचासारख्या खिंडी. मन मोडलं, पण लेह खोडलं. आता शिमल्याकडून किन्नौरमार्गे जायचं. कल्पाला दोन रात्री, मग हळूहळू नाको, काझा. काझाला पंपही आहे.

म्हणजे मी गाडी आधी ठरवत होतो, मग मार्ग, आणि माणसं शेवटी. नेमकं उलटं करायला हवं होतं. सगळ्यात सावकाश चालणारा माणूस कोण, तो कुठवर जाऊ शकतो, आणि तिथवर काय लागतं. एवढे तीनच प्रश्न होते.

उत्तर निघालं ते पिंपरीचंच. जुनी सफारी स्टॉर्म, फोर बाय फोर. पाच दारं, टर्बो डिझेल, लो रेंज, लांब पल्ल्याला आरामशीर. २०१९ मध्ये बंद झाल्यामुळे भाव उतरलेला. सुभेदार काकांनीही मान डोलावली, कारण २०१७ मध्ये लष्कराने जिप्सीच्या जागी ३,१९२ स्टॉर्मची ऑर्डर दिली होती. फोर बाय फोर तरी कशाला, असं कुणी म्हणेल. काझाहून कुंझुम उतरून ग्रांफूकडे येताना नाले लागतात. सकाळी घोटाभर पाणी, दुपारी बर्फ वितळलं की गुडघाभर. तेवढ्यासाठी. आणि थोडं माझ्या खुळासाठी, खोटं कशाला बोलू.

चार गाड्या बघितल्या. बाबा बॅटरी घेऊन प्रत्येक गाडीखाली शिरायचे, गुडघ्यांची तक्रार त्या वेळी कुठे जायची कोण जाणे. चासीवरचा गंज, प्रोपेलर शाफ्टचा प्ले, डिफरन्शियलच्या सीलमधून गळणारं तेल. एक गाडी बाहेरून आरशासारखी चकचकीत. बाबा खालूनच ओरडले, "नाही घ्यायची. ही पाण्यात बुडून आलीय." विकणारा गप्प बसला. चौथी घेतली. रंग उडालेला, पण खालून कोरडी ठणठणीत.

परवा ताम्हिणीत फिरवून आणली. एका कच्च्या चढावर मी लो रेंजला टाकली, गाडी बैलासारखी सावकाश वर गेली. बाबा काच खाली करून बाहेर बघत नव्हते, कान लावून अ‍ॅक्सलचा आवाज ऐकत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "मागचं डाव्या बाजूचं बेअरिंग बदलून घेऊ."

टायर यायचेत, बेअरिंगही बदलायचंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचा विचार आहे. बाकी परत आल्यावर.