जीप जुनी, ब्रेक नवे!

उंच बॉनेट, सपाट मडगार्ड, दरवाजांच्या नावाने ठणठणगोपाळ. ताडपत्रीचं हूड गुंडाळायचं, समोरची काच बॉनेटवर पाडायची आणि सुटायचं! विदेशी रोडस्टरची पोस्टर्स भिंतीवर राहू द्या. महिंद्राची सीजे-३बी जीप हीच आपली अस्सल देशी कन्व्हर्टिबल आहे आणि तिच्यासाठी कर्जत-खालापूरसारखा पट्टा शोधून सापडणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने साठच्या दशकातली अशी एक जीप दोन वर्षं खपून नव्याने उभी केली. पाऊस ओसरला आणि आम्ही चौघं तिला घेऊन निघालो.

पनवेलनंतर एक्स्प्रेस वे मुद्दाम टाळला. साठच्या वर गेलं की जीपमध्ये एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. जुन्या हायवेने चौकपर्यंत निवांत जाता येतं. डाव्या हाताला प्रबळगड, मग इर्शाळगड. जुलै २०२३मध्ये जिच्यावर दरड कोसळली ती इर्शाळवाडी याच डोंगराच्या अंगावर होती. तिथून जाताना गप्पा आपोआप थांबल्या.

चौकला कर्जतकडे वळलो आणि मित्राने स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. पहिला धक्का म्हणजे ते एका बोटाने फिरतं! पॉवर स्टिअरिंग बसवलंय. (खरं सांगू? मला ते जरा जास्तच हलकं वाटलं. जीप वळवताना दंड भरून आले नाहीत तर काय मजा?) पुढच्या चाकांना ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक, जोडीला बूस्टर. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. ट्रॅफिकमध्ये डोकं तापू नये म्हणून मोठा रेडिएटर. डोक्यावर रोल बार आणि चारही सीटना बेल्ट. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे नवे, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला खातं.

अशा गाड्यांना जगभर ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. रूप जुनं, आतला मामला नवा. मे २०१८मध्ये हॅरी आणि मेगन लग्नानंतर ज्या उघड्या जग्वार ई-टाइपमधून रिसेप्शनला गेले, तीसुद्धा आतून इलेक्ट्रिक होती. ‘ओरिजिनल’वाले नाकं मुरडतात. पण सीजे-३बी मुळात अपग्रेडच आहे! दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं होतं. १९५३मध्ये विलीजने तिथे ७५ हॉर्सपॉवरचं ‘हरिकेन’ इंजिन बसवलं. ते उंचीला जास्त निघालं, म्हणून बॉनेट वर उचललं. ज्या उंच नाकावर आपण फिदा होतो, ते इंजिन मावेना म्हणून आलेलं आहे.

मग मित्राने इंजिन का बदललं नाही? मोह झाला होता. २०१०च्या थारमध्ये आलेलं १०५ हॉर्सपॉवरचं कॉमन रेल डिझेल खाली बसवून द्यायला गॅरेजवाला तयार होता. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं आलं. आरसीवरची माहिती मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल असा बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाडीला उद्या अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनीच्या दारात काय सांगणार?

दुसरा रस्ता व्हिंटेज नंबरचा. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ सीरिज मिळते. फक्त मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. वडा खायला कर्जतला नाही! मित्राने साधाच नंबर ठेवला, जुनं पेट्रोल इंजिनच खोलून पुन्हा बांधलं. दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणीला उभं राहायची त्याची तयारी आहे. मला त्याचा हिशेब पटला.

कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा झालाच पाहिजे. तो खात असताना समोर पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागत होती. बोरघाटातला चढ सदतिसास एक. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून इथे जास्तीची ताकद जोडायची. आमच्या ७५ घोड्यांच्या जीपकडे बघून एकाने विचारलंच, तुमचा बँकर कुठाय?

पळसदरीवरून खोपोली, तिथून पालीच्या रस्त्याने चावणीजवळ उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची भारंभार सामान घेऊन घाट उतरलेली फौज याच अरुंद खिंडीत कोंडली. जड गाड्यांनी इथे येऊच नये, हा माझा त्यावरचा ऑटोमोबाइल निष्कर्ष! अंबा नदीच्या पात्रात गाडी घालून रील काढायचा मोह मात्र आवरा. खाली गावं तेच पाणी वापरतात.

खरी परीक्षा संध्याकाळी. खोपोलीहून जुन्या घाटाने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, असं सांगतात. ड्रायव्हर मंडळी आजही इथे नाणं टाकतात, आम्हीही टाकलं. दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत जीप सहज वर आली होती. उतरताना पुढे ट्रक, मागे टँकर. ड्रम ब्रेक अशा उतारावर तापतात, पेडल जड होतं आणि गाडी थांबेनाशी होते. एका वळणावर ट्रक अचानक थांबला. मित्राने पाय दाबला, जीप सरळ रेषेत, हातभर अंतर ठेवून उभी! मागच्या सीटवर कुणीच बोललं नाही. मग एकजण हळूच म्हणाला, डिस्कचे पैसे वसूल.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रुमाल आणि गॉगल विसरू नका. काच पाडली की संध्याकाळचे किडे थेट डोळ्यांत!