खाज

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटत होती. घरच्या मंडळींना यातलं अर्धंच माहीत आहे. उरलेलं आता वाचा, पण लगेच फोन करू नका.

माझी आत्या पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहते. वय 84. 2025 च्या गणपतीत पाच दिवस आमच्याकडे आली होती. लेकही हॉस्टेलवरून आलेला. त्याचं आणि आजीचं भारी गूळपीठ. रोज रात्री तिचे पाय चेपायचे आणि गप्पा मारता मारता तिच्याच गादीवर झोपून जायचं. मी दारातून बघायचे आणि सुखावायचे.

दसऱ्याला सोनं द्यायला गेले तर आत्या म्हणाली, "रात्री अंग फार खाजतं गं, झोपच लागत नाही." मी म्हटलं, कातडी कोरडी पडली असेल, खोबरेल लाव. आश्रमातल्यांचंही तेच मत. दिवाळी उलटली आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, पोटावर बारीक पुरळ दिसायला लागलं. शेजारच्या दोघी आजीही खाजवत बसलेल्या.

आणि मग मला दिसल्या आत्याला आंघोळ घालणाऱ्या मावशी. त्याही मनगट खाजवत होत्या! त्या कामाला लागल्या घटस्थापनेच्या सुमारास, आत्याची खाज सुरू झाली दसऱ्याला. झालं, माझा हिशोब पक्का. तशीच ऑफिसात गेले आणि बडबडले. "तुम्ही कुणालाही कामावर ठेवता" असंही म्हणाले. 'स्वच्छता' हा शब्द तीनचारदा तरी वापरला असेन. दुसऱ्या दिवसापासून मावशी कामावर नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टर आल्या. भिंग लावून बेचक्या बघितल्या आणि म्हणाल्या, खरूज. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान किडा, कातडीत बोगदा करून अंडी घालतो. (हा किडा खरजेचं कारण आहे हे इटलीतल्या बोनोमोने 1687 सालीच लिहून ठेवलंय. आपण अजून घामाला आणि उष्णतेला दोष देतो.) रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते, स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. नुसता हात मिळवून सहसा लागत नाही, बराच वेळ कातडीला कातडी लागावी लागते. म्हणजे एका गादीवर झोपणं, पाय चेपणं, आंघोळ घालणं.

मग त्यांनी विचारलं, खाज कधीपासून? मी दसरा सांगितला. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा होते तेव्हा किडा शिरल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. त्याच्या आधीचं आठवा."

दसऱ्याच्या आधी पाच आठवडे. मी बोटांवर मोजलं आणि गप्प बसले.

संध्याकाळी लेकाला फोन केला. "अगं हो, आमच्या अख्ख्या विंगला झाली होती. मी मलम लावलं होतं ना एकदा." कधी? "गणपतीच्या आधी. थोडं खाजत होतं नंतरही." आम्हा दोघांना काही झालं नव्हतं. वीस वर्षांचा मुलगा आईच्या वाऱ्याला उभा राहतो कुठे! मावशींची खाज दिवाळीनंतरची, म्हणजे त्यांना ती आत्याकडूनच लागली असणार.

डॉक्टरांचं म्हणणं असं की खाज असो वा नसो, सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं. 28 आजीआजोबा आणि सगळे कर्मचारी. 5 टक्क्यांचं पर्मेथ्रिन, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत; म्हाताऱ्या माणसांना डोळे सोडून डोक्याला आणि चेहऱ्यालाही. रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा. मध्येच हात धुतले तर हातांना परत लावायचं. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे, शाली आणि स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवायचे, कारण अंगाबाहेर हा किडा दोनतीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. दारातली सॅनिटायझरची बाटली इथे काही कामाची नाही. आणि मलमानंतरही खाज काही आठवडे राहू शकते, घाबरू नका म्हणाल्या.

आत्याचा जीव अडकला होता तिच्या नऊवारीच्या गोधडीत. ती पिशवीत जाताना लहान मुलासारखी रडली.

"एक जरी सुटला तरी परत सुरू होईल," डॉक्टर म्हणाल्या. मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, मग त्या मावशी? मग माझ्या घरचं सगळं सांगितलं. व्यवस्थापक काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते बघणं मी अजून विसरलेली नाही. निरोप पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, पत्ता द्या, मीच जाते.

एका खोलीत पाच माणसं. मी मलमाच्या ट्यूब मोजून ठेवल्या, कसं लावायचं ते सांगितलं आणि मग माफी मागितली. मावशींनी चहा टाकला होता, त्यांची पाठ माझ्याकडे. "आजींचे केस कोण विंचरतं आता?" एवढंच विचारलं. सोमवारपासून येते म्हणाल्या, पण बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळाले पाहिजेत. मिळाले. मी दिले, आश्रमाने नाही, तो वेगळाच विषय आहे.

निघताना दारापर्यंत आल्या.

"ताई, तुमच्या मुलाला परत लावलं का? दोनदा लावायला लागतं ना?"