रकान्यातला परदेशी

पगारपत्रक हा काही कुणी हौसेने वाचावा असा ग्रंथ नव्हे. शेवटचा आकडा पाहायचा, तो मागच्या महिन्याइतका असला की मिटून टाकायचे, ही आपली सर्वांची रीत. पुण्यातल्या एका कारखान्याच्या पगार विभागात अठ्ठावीस वर्षे काढल्यावर मी सांगतो, मधल्या ओळी वाचणारा माणूस वर्षातून एखादाच भेटतो.

2025 च्या फेब्रुवारीत असा एक भेटला. हे गृहस्थ चौदा वर्षे मस्कतला इंजिनिअर होते. 2024 च्या ऑक्टोबरात कायमचे परत आले आणि नोव्हेंबरपासून आमच्याकडे रुजू झाले. कचेरीने त्यांचे नाव ठेवले मस्कतकर. अशी नावे पडायला एक दिवस पुरतो. जायला निवृत्तीसुद्धा पुरत नाही.

"काका, माझा दरमहा 3,900 रुपये कर कापला जातो. माझ्या हिशेबाने तो शून्य यायला हवा."

हिशेब त्यांनी कागदावर मांडूनच आणला होता. दीड लाखाप्रमाणे पाच महिन्यांचे साडेसात लाख. त्यातून प्रमाणित वजावट 75,000 गेली की उरले पावणेसात लाख. नव्या करपद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ होता. दुसरे उत्पन्न नव्हते. मग कर कसला?

मी संगणकावर त्यांची नोंद उघडली. निवासाच्या रकान्यात शब्द होता 'अनिवासी'. ती माफी फक्त निवासी माणसाला मिळते. संगणकाने बिचाऱ्याने इमानाने 18,750 रुपये कर, त्यावर चार टक्के उपकराचे 750, असे 19,500 काढून पाच महिन्यांवर वाटले होते. रुजू होतानाच्या कागदांवर मस्कतचा पत्ता पाहून कुणीतरी तो शब्द टाकला असावा.

"पण मी तर घर-संसार आवरून आलोय! बँकेने माझी खातीसुद्धा बदलली."

बँकेचे शास्त्र निराळे. परकीय चलनाचा कायदा माणूस कशासाठी आला, राहायला की भेटीला, हे विचारतो. आयकर मुख्यतः दिवस मोजतो. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात भरले की माणूस निवासी. 2025 च्या नव्या कायद्यातही हा आकडा तसाच राहिला आहे.

आम्ही मोजू लागलो. 20 ऑक्टोबर ते 31 मार्च, दिवस भरले 163. एकोणीस कमी!

"म्हणजे मी अजून परदेशीच," असे म्हणून ते हसले; पण ते हसणे काही खरे नव्हते. चौदा वर्षे दर सुट्टीत शेजारीपाजारी 'परत कधी जाणार?' असे विचारत आले, आणि आता पगारपत्रकही तेच विचारू लागले.

"एप्रिलनंतर मध्ये कधी येऊन गेला होतात का?" मी विचारले.

ते थोडा वेळ बोललेच नाहीत. "जूनमध्ये. वडील गेले तेव्हा. तेराव्यानंतर चार दिवसांनी निघालो." मग म्हणाले, "तेही दिवस हिशेबात धरायचे?"

मला उत्तर चटकन देता येईना. दिवस सलग असावे लागत नाहीत आणि कायदा कारण विचारत नाही, एवढेच मी सांगितले. त्यांनी पासपोर्ट पुढे सरकवला. 2 जूनचा शिक्का, 27 जूनचा शिक्का. सव्वीस दिवस. एकूण 189. उतरल्याचा दिवस धरावा की नाही यावर वकील मंडळी भांडतात; ते दोन्ही सोडले तरी 187 उरत होते.

तेवढ्यात नवी अडचण. मार्चमध्ये त्यांना दहा दिवस दुबईला धाडायचे वरिष्ठांच्या मनात होते. जाण्यायेण्याचे दोन दिवस सोडले तरी आठ दिवस बुडणार आणि 189 चे 181 होणार! वरिष्ठांना हे समजावताना मला घाम फुटला. अखेर दुसऱ्याला पाठवले.

मस्कतकरांना आणखी एक धास्ती होती. निवासी झालो तर मस्कतच्या पगारावर इथे कर लागेल काय? नाही लागत. मागच्या दहापैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, तो परतल्यावर 'निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला' ठरतो. तिकडे कमावलेल्या आणि तिकडेच मिळालेल्या पगाराला हात लागत नाही. या लांबलचक शब्दप्रयोगाला मी वर्षानुवर्षे हसत आलो होतो. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाकडे पाहून तो मला अगदी नेमका वाटला.

लेखी निवेदन आणि पासपोर्टच्या प्रती घेऊन आम्ही नोंद दुरुस्त केली. फेब्रुवारी-मार्चची कपात शून्यावर आली. आधीचे 11,700 रुपये मात्र सरकारजमा झाले होते. ते कंपनीला परत देता येत नाहीत. विवरणपत्र भरून मागावे लागतात, आणि तेही साध्या पहिल्या नमुन्यात नव्हे, दुसऱ्यात.

तो परतावा यायला ऑक्टोबर उजाडला. त्याआधी जूनमध्ये वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. एस.टी.ने साताऱ्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर झाले.