वेगळी चूल मांडताना

चि. बाळास,
दहिसरहून मावशीचे अनेक आशीर्वाद.

रागात असलास तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचशील, एवढा हक्क आहे ना माझा?

तुझा राग खोटा नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तू त्या खुल्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, बसवलेस, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट जोडलास, आणि सगळं तो टंक करणाऱ्या मूळ मंडळींकडे पाठवलंस. त्यावर महिनोन्महिने साधी पोचही नाही. मराठी पुस्तकं जुळवण्यात माझं आयुष्य गेलं. हिंदी वळणाचा ‘ल’ पानभर पाहिला की माझ्याही जिवाला लागतं. म्हणून सांगते, खुशाल फोर्क कर, तुझी वेगळी आवृत्ती काढ. कुणाची परवानगी मागायलाही नको, टंकाच्या ओपन फॉन्ट लायसन्सनं ती तुला आधीच दिलेली आहे.

पण परवा तू जे चढवलंस ते पाहून वाईट वाटलं. टंकाचं नाव तेच. कॉपीराइटच्या ओळीतून त्यांची नावं गायब, तिथे तू एकटा. फायली नव्यानं टाकल्यास, त्यामुळे गिटमधला सगळा इतिहासही गेला. हे तू केलंस? माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून देताना “मावशी, हे नुसतं फुकट नाही गं, कुणीतरी रात्री जागून केलंय” असं बजावणारा तूच ना?

नावाचं आधी बोलते. त्या टंकाच्या परवान्यात ते राखीव आहे. फेरफार केलेल्या टंकाला ते द्यायचं तर हक्कधारकाची लेखी संमती लागते. तुला ही कागदी अडवणूक वाटेल. जरा माझ्या टेबलाशी येऊन बस. पुस्तक जुळवून झालं, सूची झाली, आणि छापखान्यात फाईल उघडली त्या मशीनवर त्याच नावाचा तुझा टंक निघाला तर? तुझा ‘ल’ केसभर रुंद आहे. ओळी सरकणार, परिच्छेद पुढच्या पानावर जाणार, सूचीतले आकडे चुकणार. आणि बोल कुणाला? ज्यांनी तुझा ‘ल’ पाहिलाही नाही त्यांना.

पवईच्या आयआयटीनं काढलेला शोभिका टंक आठवतो? संस्कृतच्या कामासाठी तूच मला दिला होतास. त्यातली देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून घेतली, रोमन आणि सिरिलिक अक्षरं पीटी सेरिफ या रशियन टंकावरून. भर किती घातली बघ: १,१०० हून जास्त जोडाक्षरं, शिवाय वैदिक स्वरचिन्हं. एवढं केल्यावर “हे आमचंच” म्हणायचा मोह झाला असता. पण नाव नवं ठेवलं, परवाना तोच ठेवला, आणि कुणाकडून काय घेतलं ते स्वच्छ लिहिलं. त्यानं शोभिकेचं काही उणं झालं का?

आणि हेही लक्षात ठेव. मूळ मंडळींची नावं श्रेयासाठी ठेवायची, जाहिरातीसाठी नाही. “अमक्यांच्या टंकाची सुधारित आवृत्ती” असं मिरवलंस तर तेही परवान्याबाहेर. एकटा टंक विकायलाही मनाई आहे.

माझ्या काकांनी कांदरपाड्यातल्या घरात चूल वेगळी केली तेव्हा तुझी आई लहान होती. चूल वेगळी झाली, गणपती मात्र एकच राहिला. तुझं तर त्याहून सोपं आहे रे, तू नेलंस म्हणून त्यांच्याकडचं काहीच कमी होत नाही. मग कडवटपणा कशाला?

लिब्रेऑफिसवाल्यांचं बघ. २०१० साली ते ओपनऑफिसमधून बाहेर पडले ते त्याची मालकी असलेल्या ओरॅकलला “तुम्हीही या, आणि जुनं नाव आम्हाला द्या” असं उघड सांगून. नाव मिळालं नाही. मग तात्पुरतं घेतलेलं नावच कायम झालं. जीसीसी या कंपायलरचं काम रखडलं म्हणून १९९७ साली काही जणांनी ईजीसीएस वेगळं काढलं, आणि १९९९ मध्ये मूळ प्रकल्पानं त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारलं. जाताना त्यांनी भांडून दारं बंद केली असती तर हे झालं असतं? उद्या तुझ्या टंकाची मूळ मंडळी तुझा ‘श’ घ्यायला आली तर त्यांना घेता येईल असं ठेव.

तेव्हा परवा चढवलेलं ते आज रात्रीच उतरव. मूळ भांडारातून इतिहासासकट नवी प्रत घे, त्यावर तुझे बदल चढव, काय बदललंस ते लिही. त्यांच्या ओळींखाली तुझी ओळ घाल. ती तुझ्या हक्काचीच आहे. आणि त्यांना चार ओळी लिही: वेगळं का निघतोय, नाव काय ठेवतोय, दुरुस्त्या हव्या तेव्हा घ्या. उत्तर येवो न येवो. ती माणसंही नोकरी सांभाळूनच हे करतात. कदाचित कुणाच्या घरी आजारपण असेल. तू विचारलंस का कधी?

तू नसतास तर मी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतच अडकून पडले असते. ते मी विसरलेले नाही, म्हणून तर एवढं बोलते.

नाव ठरलं की कळव, आणि पहिली आवृत्ती मलाच पाठव. ठळक वजनात ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र अजून ‘ह’ला चिकटतो आहे. तो सुटल्याशिवाय मी तुझ्या टंकात एकही पान जुळवणार नाही.

तुझी,
मावशी